पसंतीच्या तीन साड्या

पिशवीत तीन साड्या होत्या. एक मोरपंखी, दोन लाल. तिन्हींना किमतीची चिठ्ठी होती, तिन्हींना दाराशी शिट्टी वाजवणारा प्लास्टिकचा बिल्ला होता. त्याखाली कोथिंबिरीची एक जुडी, आणि रूपालीचा मोबाइल. बिल नव्हतं.

सौसरच्या नव्या कपड्याच्या दुकानात शिट्टी वाजली तेव्हा रूपाली दाराबाहेर दोन पायऱ्या उतरली होती. आवाज आपल्यासाठी आहे हे तिला कळलंच नाही. मागच्या बाईला वाट द्यायला ती बाजूला झाली.

पांढुर्ण्यात यशवंतरावांच्या दुकानातून साड्या अशाच घरी यायच्या. घरात साक्षगंध किंवा लग्न निघालं की पाच-सहा साड्या गाठोड्यात बांधून न्यायच्या, बायांनी उजेडात पाहायच्या, एक ठेवायची, बाकीच्या दुसऱ्या दिवशी परत. याला ‘पसंतीला नेणं’ म्हणत. यशवंतराव कागदावर काही लिहीत नसत. त्यांच्याकडे नऊ वर्षं साड्या उलगडून दाखवणारी प्रमिला आता सौसरच्या या दुकानात होती. तिनेच रूपालीच्या मावसबहिणीच्या साक्षगंधासाठी साड्या काढून दिल्या होत्या आणि म्हटलं होतं, “घेऊन जाय वं, आईले दाखव. उद्या आणून देजो.”

मॅनेजरने विचारलं, “कोणी दिल्या?”

रूपालीने प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिला दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे साडीचा पदर धरून उभी होती. तिने मान वर केली नाही.

ठाण्यात हेमराज नावाचे हवालदार लिहायला बसले होते. मॅनेजरने चिठ्ठ्यांवरच्या किमतींची बेरीज सांगितली. पाच हजार चारशे सत्तर.

“पाच हजारांच्या वर,” हेमराज म्हणाले. “मंग सीधा गुन्हा दाखल होते. तीन वर्षांपर्यंतची सजा हाये याच्यात.”

“अन् खाली असलं तं?” रूपालीने विचारलं.

“पाच हजारांच्या आत, पहिलीच वेळ, अन् माल वापस, तं कोर्ट समाजसेवा करायले लावते. आम्हीही तसा गुन्हा दाखल नाही करत. तक्रार लिहून घेतो, अन् दुकानवाल्यायले कोर्टात जा म्हणतो.”

“काका, दुकानात वीस टक्के सूट आहे. दारावर फलक लावला आहे. मी विकत घेतल्या असत्या तर किती लागले असते, ती किंमत धरायची की चिठ्ठीवरची?”

हेमराजांनी पेन खाली ठेवलं. “शिकून काय राहिली तू?”

“बी.एस्सी. झालं. केमिस्ट्री.”

त्यांनी मॅनेजरला दुकानाच्या मशीनवर बिल काढून आणायला लावलं. बिल निघालं चार हजार तीनशे शहात्तरचं. गुन्हा दाखल झाला नाही, तक्रारीची नोंद झाली. मॅनेजर चिडून म्हणाला, “मी कोर्टात जातो.” आणि तो खरंच गेला.

घरी पहिला कोणी बोलला तर धाकटा रोशन. “ताई, चोरीच करायची होती तं रंग तं पाहाचा. दोन-दोन लाल?” आई शोभाने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पदर तोंडाला लावून रडायला बसली. वडील हिरामण नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह सोडायचे. ते मग म्हणाले, “लॅबच्या नोकरीचं काय होईन आता?”

प्रश्न तोच होता. माती परीक्षण प्रयोगशाळेच्या सहायकाच्या यादीत रूपालीचं नाव सोळा दिवसांपूर्वी लागलं होतं. अजून चारित्र्य पडताळणी व्हायची होती.

समन्स आलं त्या आठवड्यात प्रमिला घरी आली. ओसरीवर बसली, पाणी नको म्हणाली.

“त्या दिवशी बोलली असती तं माहीच नोकरी गेली असती,” ती म्हणाली. “सवय आडवी आली वं. हात आपल्या आपण गाठोडं बांधून राहिले होते. बिल्ले काढायचे असते तिथं, तेही नाही सुचलं.”

“मंग आता काय करायले आली?” शोभाने विचारलं.

“मालकाले सांगून आली. खरं काय ते.”

“काय म्हणे तो?”

“म्हणे, आता साड्या दाखवू नको, गोदामात घड्या घाल.” प्रमिलाने बोटं मोडली. “अन् कोर्टात समेटाची सही करतो म्हणे.”

शोभाने चहा ठेवला. या वेळी प्रमिलाने नको म्हटलं नाही.

दुसऱ्याच तारखेला समेट झाला. मालकाने सही केली, रूपालीने केली, आणि न्यायालयाने तिला दोषमुक्त केलं. बाहेर हेमराज भेटले. दुसऱ्या कामासाठी आले होते.

“सुटली म्हणजे सुटली,” ते म्हणाले. “समेट झाला की निर्दोष सुटल्यासारखंच असते.”

“पडताळणीच्या अर्जातही?”

हेमराज म्हणाले, “अर्ज तुले ‘शेवटी काय झालं’ नाही विचारत. ‘कधी झालं होतं का’ विचारते.”

अर्ज आला तेव्हा बाराव्या रकान्यात तेच होतं: आपल्याविरुद्ध कधी पोलिसात तक्रार, गुन्हा किंवा न्यायालयात खटला झाला आहे काय? पुढे दोन चौकोन. खाली बारीक अक्षरांत: माहिती लपवल्यास नियुक्ती रद्द होईल.

“नाही लिही,” शोभा म्हणाली. “गुन्हा तं लिहिलाच नाही पोलिसांनी. कोर्टानंही सोडलं. आता आपणच काहून सांगाचं?”

“गुन्हा नाही, पण तक्रार आहे. खटलाही झाला. तिन्ही विचारलं आहे, आई.”

“लिहिलं अन् नाही घेतलं तं?”

“तर नाही घेतलं. खोटं लिहून घेतलं आणि मग काढलं, तर पुढच्या प्रत्येक अर्जात तेही लिहावं लागेल.”

“एवढी हिशेबी झाली ही,” शोभा हिरामणकडे पाहून म्हणाली, “अन् बिल घ्यायचं तेवढं विसरली!”

हिरामण हसले. त्या प्रकरणात पहिल्यांदाच. मग म्हणाले, “लिहू दे तिले. व्हॉल्व्ह अर्धा उघडून ठेवला तं पाणी ना इकडे ना तिकडे.”

रूपालीने ‘होय’च्या चौकोनात खूण केली. तक्रारीची प्रत, दुकानाच्या मशीनचं बिल, न्यायालयाचा आदेश जोडला. एका पानावर घटना लिहिली, तारखेनुसार, अकरा ओळींत. साड्या कोणी दिल्या तिथे तिने ‘दुकानातील एक कर्मचारी’ असं लिहिलं. प्रमिलाचं नाव घातलं नाही.

यादीतल्या बाकीच्या तिघांना महिन्याभरात बोलावणं आलं. रूपालीला आलं नाही. तिला एकदा ठाण्यात बोलावलं, एकदा कलेक्टर कचेरीत. कचेरीत एका बाईंनी ती अकरा ओळींची हकीकत वाचली, मग विचारलं, “पसंतीला नेणं म्हणजे काय?” रूपालीने सांगितलं. बाईंनी समासात काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं.

शोभा दर मंगळवारी जामसांवलीच्या देवळात जाऊन येत होती. रूपाली शिकवण्या घेत होती. अर्ज देऊन चौऱ्याण्णव दिवस झाल्यावर पत्र आलं. बाराव्या रकान्यासमोर एका ओळीचा शेरा होता: माहिती खरी आढळली, प्रकरण किरकोळ, नियुक्तीस हरकत नाही. इतर तिघांपेक्षा ती सेवाज्येष्ठतेत शेवटी राहणार होती, तेही पत्रात होतं.

पहिल्या दिवशी तिच्या टेबलावर तिगावच्या एका संत्र्याच्या बागेतली माती आली. तिने ती वाळवलेली आहे ना पाहिलं, चाळली, वीस ग्रॅम तोलली, त्यात पन्नास मिलिलीटर पाणी घातलं, ढवळलं, आणि अर्ध्या तासाने मीटर बुडवला. तीनदा मोजलं: ७.८, ७.९, ७.८. नोंदवहीत नमुना क्रमांकापुढे तिने लिहिलं: पीएच ७.८. तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली.