कुरूप म्हणायचं ठरलं

सासऱ्यांना कॅन्सर झाला आहे, हे त्यांना सोडून घरातल्या सगळ्यांना सांगण्यात आलं. मला शेवटी कळलं, कारण मी जावई. जावयाला घरात मान असतो, मत नसतं.

सासरे मोटार चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून त्यांनी उभा जन्म काढला. अर्ध्या गावाला आपण गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्या लोकांपासून वाचवलं, असं ते स्वतःच सांगतात. पायात कायम पातळ तळाची चप्पल. "ब्रेक पायाला कळला पाहिजे. बुटाला कळून काय उपयोग?"

त्याच पायाच्या चवड्याखाली एक डाग होता. ते स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत असताना माझ्या बायकोला दिसला. काळा, मध्येच तपकिरी, कडा शाई फुटल्यासारख्या. तळपाय माणूस आयुष्यभर वापरतो आणि कधी उलटा करून बघत नाही. बायकोने मागे लागून त्यांना कातडीच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी सासरे खाली गाडी लावायला जागा शोधत होते. कुणी वेडीवाकडी गाडी लावलेली दिसली की ते मालक येईपर्यंत थांबतात, त्यामुळे तेवढ्या वेळात माझ्या मेहुण्याने वर सगळं ऐकून घेतलं.

मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. पहिल्या टप्प्यातला, खोली जेमतेम एक मिलिमीटर. डागाभोवतीची चांगली कातडीसुद्धा काढायची, मांडीची कातडी आणून तिथे लावायची, आणि जांघेतली एक ग्रंथी काढून तपासायची. आता केलं तर बहुतेक माणसं बरी होतात. थांबलं तर हा खोल उतरतो, आणि एकदा उतरला की कुठेही जातो.

"त्यांना वर बोलवा. मी समजावून सांगते," डॉक्टरीण म्हणाली.

"नको नको, आम्ही घरीच सांगतो," मेहुणा म्हणाला.

घरी स्वयंपाकघरात बैठक बसली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

"तो शब्द ऐकला तर हाय खातील ते," सासूबाई म्हणाल्या.

"मग सांगायचं काय?" बायकोने विचारलं.

"कुरूप," मेहुणा म्हणाला. "पायाला कुरूप होतंच की. छोटंसं ऑपरेशन आहे म्हणायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घरात इतक्या लवकर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सासऱ्यांना कुरूप मनापासून पटलं, तिथे सगळी पंचाईत झाली. इतकी वर्षं ब्रेक दाबला, होणारच. टाका सुकला तसे ते गरम पाण्यात पाय बुडवून बसू लागले. कातडी जाळणाऱ्या औषधाच्या पट्ट्या आणल्या आणि रोज चिकटवल्या. पट्टी काढली की पाय वाकडा करून बघायचे आणि म्हणायचे, "बसतंय, बसतंय." सासूबाई आत जाऊन नळ सोडायच्या.

ऑपरेशनचा विषय निघाला की ते हसायचे.

"कुरूपाला मांडीची कातडी? उद्या शिंक आली तर नाक कापाल तुम्ही लोक!"

"बाबा, डॉक्टर सांगतायत ना..." बायको म्हणायची.

"डॉक्टरांनी कधी ब्रेक दाबलाय? म्हणे कित्येक आठवडे पाय टेकायचा नाही. आणि माझी शिकाऊ मंडळी कुठे धडकवू? तुझ्या दारात?"

एके दिवशी त्यांनी परस्पर फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली. तिकडून मेहुण्याला फोन आला. डॉक्टरीण स्वतः बोलली, आणि गोड बोलली नाही. हा रोग तुमच्या सोयीने थांबणार नाही, म्हणाली.

पुन्हा नळ सुटला.

"आता खरं सांगायलाच हवं," बायको म्हणाली.

"सांग की मग," मेहुणा म्हणाला.

"तू मोठा आहेस, दादा."

"तू लाडकी आहेस."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उरलेल्या दोघांनी पाहिलं.

"तुमच्यावर ते ओरडणार नाहीत," सासूबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून या घरात मला मिळालेलं हे पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी शिकवण्या संपल्यावर मी त्यांच्या गाडीत स्टिअरिंगवर जाऊन बसलो, ते बाजूला. माझ्याकडे परवाना आहे, पण मला गाडी येते असं त्यांचं मत नाही.

"आरसा बघा, जावईबापू. तो केस विंचरायला लावलेला नाही."

"हो."

"बोला आता. उगीच पेट्रोल जाळायला येणाऱ्यातले तुम्ही नाही."

रस्ता मोकळा होता. मी समोर बघत म्हटलं, "बाबा, ते कुरूप नाहीये."

गाडी जागच्या जागी थांबली. मी ब्रेक दाबला नव्हता.

"मग काय आहे?"

मी मेलॅनोमा म्हटलं. तो शब्द त्यांना कळला नाही. मग दुसरा म्हटला, तो कळला.

मागून हॉर्न वाजायला लागले. रस्त्याच्या मधोमध थांबणाऱ्यांना ज्यांनी आयुष्यभर झापलं, ते रस्त्याच्या मधोमध ब्रेकवर पाय ठेवून बसले होते.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना."

"आणि बाहेर?"

"आईंनी शेजारच्या वहिनींना सांगितलंय. फक्त त्यांनाच."

"म्हणजे गल्लीला," ते म्हणाले. "तरीच परवा तो शेजारी माझ्या हातातली पिशवी घेत होता."

"बाबा, पहिला टप्पा आहे. वेळेवर सापडलंय. आत्ता काढलं तर बहुतेक माणसं बरी होतात, असं डॉक्टरीण म्हणाली."

"कुणाला म्हणाली?"

"दादांना."

"त्याने तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला सांगताय." त्यांनी पाय हळूच उचलला. "कुरूपसुद्धा त्यानेच सांगितलं होतं."

"हे खरं आहे. शप्पथ."

"शपथ कशाला घेता? गरज पडली असती तर कुरूपाचीही घेतली असतीत."

या रोगात मिळू शकणारी सगळ्यात चांगली बातमी आमच्या हातात होती, आणि आम्ही ती अशी काही मळवून ठेवली होती की घेणारा हात पुढे करेना.

घरी आल्यावर ते कुणावरही ओरडले नाहीत. आम्ही सगळे ओरडा खायच्या तयारीने बसलो होतो, तो मिळाला असता तर जेवण तरी गेलं असतं. त्यांनी पायाची पट्टी काढून टाकली आणि एवढंच म्हणाले, "उद्या मी तिच्याकडे जातोय. आत एकटा."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं दवाखान्याच्या बाकावर ओळीने बसलो होतो आणि दार बंद होतं. आता आत काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं. पाण्याचं यंत्र दाराला लागून होतं, त्यामुळे मेहुण्याला सारखी तहान लागत होती. सासूबाई पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या, सोडत होत्या.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना. परीक्षेला निघालेला माणूस नक्की नापास होणार हे ठाऊक असलं तरी ते असाच चेहरा ठेवतात.

"काय म्हणाली?" मेहुण्याने विचारलं.

"चित्र काढून दाखवलं. कातडीला थर असतात. हा वरच्या थरांतच आहे, असं दिसतंय. 'दिसतंय' म्हणाली, 'आहे' नाही म्हणाली. ग्रंथीत शिरलाय का ते कापून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. चवड्याची कातडी पहिल्यासारखी होणार नाही. परवाची तारीख घेतली."

"पण टप्पा पहिलाच ना, बाबा?" बायको म्हणाली.

"हो. तिने सांगितल्यावर पटलं."

"मग झालं तर!" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही होत..."

"ते सोडून बोल," ते सासूबाईंना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ग्रंथीचा रिपोर्ट येईपर्यंत 'काही होत नाही' असं कुणीही म्हणायचं नाही. मला माहीत नाही, तिला माहीत नाही, तुम्हाला कुठून माहीत?"

तेवढं एक वाक्य काढून घेतल्यावर आमच्याकडे दुसरं शिल्लकच नव्हतं. जिना उतरलो, गाडीपाशी आलो. ते मागच्या सीटवर बसले. त्या सीटवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई शेजारी बसल्या. बराच वेळ त्या त्यांच्या पायाकडे बघत होत्या.

"दुखतं का हो?" त्यांनी विचारलं.

डाग सापडल्यापासून हा प्रश्न त्यांना घरातल्या कुणीच विचारला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "एकदाही दुखलं नाही. म्हणून तर भीती वाटते."

सासूबाई जरा त्यांच्याकडे सरकल्या. मेहुण्याने गाडी सुरू केली. ती गचका खाऊन बंद पडली. त्याने मागे पाहिलं, पण बाबा काहीच बोलले नाहीत.