शिल्लक राहिलेली शिवी

टेप चालू.

'थॉर्नकोव्ह' मालिकेतल्या हवेलीच्या भिंती कापडाच्या होत्या. न्यूयॉर्कातल्या त्या स्टुडिओत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी टीव्हीसमोर बसणाऱ्या बायकांनाही ठाऊक असावं, कारण दार आपटलं की भिंत पोटात वारा भरल्यासारखी फुगायची. तरी टेप थांबत नसे. टेप कापून जोडणं महाग, म्हणून अख्खा भाग एका दमात खेळायचा. मेणबत्तीने विग पेटला तरी खेळायचं. पुठ्ठ्याचं थडगं आडवं झालं तरी हसू आवरून खेळायचं. टेप थांबायची ती फक्त शिवीला. मालिकेला पैसे पुरवणारे साबणवाले, त्यात पोरं शाळेतून घरी यायची वेळ. शिवी ऐकू आली की निर्मात्याला, मिल्ट ग्रॉसबर्गला, निमूटपणे पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

व्हर्ना हॅलोरनला हे एमेट क्रेलने शिकवलं होतं, ती इथे नवी आली तेव्हा.

"अडलीस की कॅमेऱ्याकडे बघून मस्तपैकी शिवी हासड. पण वर्षातून एकदाच हं, पोरी. दुसऱ्यांदा मिल्ट तुला जिन्यावरून पाडेल."

"मला?"

"तुझ्या पात्राला. पात्र मेलं की नोकरी गेली, आणि भाडं काही पात्र भरत नाही."

व्हर्ना झाली इझोल्डा थॉर्न, हवेलीची मालकीण, धाकट्या बहिणीला समुद्रात बुडू देणारी. लोक तिचा तिरस्कार करायचे, आणि तिरस्कारावर तिचं बरं चाललं होतं. एमेट तिचा थोरला भाऊ जोसाया. सत्तरी ओलांडलेला, उभ्या आयुष्यात रंगमंचावर राजे आणि भुतं केलेला. आता मात्र त्याला वाक्यं राहत नव्हती. कॅमेऱ्याशेजारी कागदाची गुंडाळी फिरे, त्यावर मोठ्या अक्षरांत संवाद. तो तिच्यावरून वाचायचा आणि वाचतोय हे कळू द्यायचा नाही. वर्षाची शिवी त्याने वसंतातच वापरली होती, आणि उन्हाळ्यात आणखी एक. मिल्ट त्याला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आता पुढची शिवी म्हणजे जिना, एमेट."

टेप चालू.

ग्रंथालय. जोसाया इझोल्डाला तोंडावर जाब विचारणार होता. लांबलचक भाषण.

गुंडाळी अडकली.

एमेट उभा. हात उगारलेला, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला. कागद हलेना. त्याचे ओठ मिटले आणि पुढे आले. कुठल्या शब्दासाठी, ते व्हर्नाने ओळखलं. तिने त्याची हनुवटी धरली.

"बोलू नकोस, जोसाया. तुझ्याच्याने होणार नाही. मी सांगते तुला काय म्हणायचंय. लाट आली आणि मी तिचा हात सोडला, हेच ना? म्हण की! जीभ कुठे ठेवून आलास? हो, सोडला. बोट उघडलं, मग दुसरं उघडलं. पण मला आधी कुणी सोडलं होतं, ते विचार. त्या घरात मी रडायचे तेव्हा तू काय करत होतास? असाच उभा होतास. असाच, तोंड उघडं टाकून."

एमेटच्या डोळ्यांत खरंच काहीतरी मोडलं. व्हर्नाने ते पाहिलं, आणि हनुवटीवरची पकड

जाहिरात.

(एक बाई पांढराशुभ्र टॉवेल गालाशी धरते. तिने कधी कुणाचा हात सोडलेला नाही.)

टेप चालू.

आणखी घट्ट केली.

संपल्यावर सुतारांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मिल्ट वरच्या काचेच्या खोलीतून धावत खाली आला.

"हे काय होतं? काय होतं हे, व्हर्ना! मला तुझी कीव आली. आणि राग आला. दोन्ही एकदम! आणि हा म्हातारा, हा नुसता उभा राहून... हे असंच ठेवायचं. जोसायाला पक्षाघाताचा झटका आलाय. वाचा गेली. चाकांची खुर्ची."

"म्हणजे मी राहतोय?" एमेटने विचारलं.

"गप्प बसशील तोवर राहशील."

"वा! पाठांतर नाही, पगार चालू. तीन लग्नं केली, पण असं एकही मिळालं नाही." एमेट हसला. सगळे हसले. व्हर्नाही हसली.

त्या दिवसापासून हिवाळाभर इझोल्डाने त्याचे हाल केले. त्याची खुर्ची खिडकीपासून फिरवली. त्याच्या मेलेल्या बायकोची पत्रं त्याच्या समोर शेकोटीत टाकली. रोज त्याच्यापुढे सूप आणून ठेवायचं आणि बोलत बसायचं, ते गार होईपर्यंत. सुपाची कल्पना व्हर्नाची. लेखक मंडळींनी ती उचलून धरली. लोकांचा तिरस्कार बदलत गेला. बायका आता लिहायच्या की इझोल्डा वाईट आहे, पण तिचं दुखणं आम्हाला कळतं.

एकदा वाण्याच्या दुकानात एक बाई जवळ आली. अशा बायका एरवी फिस्कारायच्या, एकीने तर भर दुकानात चापट मारली होती. ही हळूच म्हणाली, "माझी सासू असते घरी. तशीच, खुर्चीत. वीस वर्षं मला छळलंय तिने."

"अरेरे," व्हर्ना म्हणाली.

"काल मीही तिचं सूप गार होऊ दिलं." बाईने तिच्या दंडाला हात लावला. "तुमचे उपकार आहेत."

व्हर्नाने टोपलीतलं सामान तिथेच ठेवलं आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी रंगभूषेच्या खोलीत एमेट आरशासमोर बसला होता. गुडघ्यावर संहिता. त्याचं एकही वाक्य नव्हतं तिच्यात, तरी तो पेन्सिलने खुणा करत होता. व्हर्नाच्या वाक्यांखाली.

"मिल्टशी बोलू का? तुला आवाज परत दे म्हणून?"

"आणि तो म्हणेल, आवाज पाहिजे की नोकरी."

"मी त्या दिवशी तुला वाचवलं, एमेट."

"हो."

"नाहीतर तू शिवी दिली असतीस."

"हो ना." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "पण तुझी शिल्लक होती, व्हर्ना."

इथे गोष्ट थोडी मागे न्यायला हवी. टेपला शिवीशिवाय ते जमत नाही, आपल्याला जमतं. ग्रंथालय. गुंडाळी अडकली आहे. एमेटचे ओठ मिटले आहेत. व्हर्नाने त्या वर्षी एकही शिवी दिलेली नव्हती. एक शब्द, आणि टेप थांबली असती, गुंडाळी दुरुस्त झाली असती, एमेटने आपलं भाषण केलं असतं. तो शब्द तिच्या तोंडापर्यंत आलाही होता. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली: हा प्रसंग माझा होऊ शकतो. तिने शब्द गिळला आणि हनुवटी धरली.

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली.

"इझोल्डाही हेच म्हणेल. आणि तिचं लोकांना पटेल." तो हसला नाही. "रागावलो नाहीये मी. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, उलट जास्त चांगलं. फक्त एक कर. सुपाच्या प्रसंगात कुठेतरी जागा ठेव. एका श्वासाएवढी. मला वाटलं तर बोलेन."

"काय बोलशील?"

"ते तुला नाही सांगणार. तू बोलून टाकशील."

"बोललास तर मिल्ट त्याच आठवड्यात जिना दाखवेल."

"पडायला मीच शिकवलं ना तुला? आधी खांदा, मग कंबर."

ती रोज जागा ठेवू लागली. एमेट रोज गप्प राहिला. मिल्ट म्हणाला, "मध्येच थांबतेस का?" ती म्हणाली, "तसं जास्त क्रूर वाटतं." मिल्टला पटलं.

टेप चालू.

सूप. वाफ कधीच विरलेली. व्हर्ना थांबली, आणि आज एमेटने मान वर केली. तोंड उघडलं. त्याचा हात खुर्चीच्या कडेवर आपटला, एकदा, दोनदा. डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला गेले. गुंडाळीवर फक्त तिची वाक्यं होती. त्याने ठरवलेले शब्द निसटले होते, तो त्यांच्यामागे धावत होता. खाली कॅमेऱ्याशेजारी उभा राहून इशारे करणारा माणूस बोट गोल फिरवत होता: पुढे चला, पुढे चला. तिला काहीही बोलून जागा भरता आली असती. तिला ते उत्तम जमायचं.

व्हर्नाने कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि आयरिश गोदी कामगार असलेल्या आपल्या बापाची सगळ्यात घाणेरडी शिवी दिली, अगदी स्पष्ट, शेवटच्या अक्षरापर्यंत.

लाल दिवा विझला. वरच्या खोलीतून मिल्टचा आवाज गरजला, "व्हर्ना! तूसुद्धा?"

"मीसुद्धा. पहिल्यापासून घ्या."

टेप मागे फिरवायला वेळ लागला. कुणीतरी मेणबत्त्या बदलल्या. व्हर्ना वाडग्यापाशी उभी राहिली. एमेट डोळे मिटून ओठ हलवत होता.

टेप चालू.

तीच वाक्यं. तेच सूप. तीच जागा.

"सूप गार आहे," जोसाया थॉर्न म्हणाला.

एवढ्या महिन्यांनी तो आवाज गंजलेला निघाला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. खालच्या माणसाचं बोट हवेत थांबलं. शिवी नव्हती ती. टेप थांबवायला काही कारणच नव्हतं.

इझोल्डाला यावर वाक्य नव्हतं. व्हर्नाने वाडगा उचलला.

"गरम करून आणते," ती म्हणाली आणि दारातून बाहेर गेली. भिंत फुगली आणि खाली बसली.

भिंतीमागे स्वयंपाकघर नव्हतं. दोऱ्या होत्या, शिड्या होत्या, आणि जिन्यावरून पडणाऱ्यांसाठी ठेवलेली गादी, भिंतीला टेकवून. व्हर्ना गादीशेजारी गार सूप धरून उभी राहिली. पलीकडे कॅमेऱ्यासमोर तो एकटा होता, आणि गुंडाळीवर त्याच्यासाठी एक अक्षर नव्हतं.

मग तो बोलू लागला. "लाट आली तेव्हा..." थांबला. "तेव्हा तू, इझोल्डा..." पुन्हा थांबला. ग्रंथालयातलं भाषण होतं ते, त्याचं, न झालेलं. निम्मं आठवत होतं, निम्मं नाही. मधल्या रिकाम्या जागांतले शब्द तिला तोंडपाठ होते. व्हर्ना ओठ घट्ट मिटून ऐकत राहिली.