उजव्या बुटाचं टोक

मामांना बूट दाखवला की ते माणूस ओळखत. कोण टाच घासत चालतो, कोणाचा एक पाय नकळत आखूड आहे, कोण दिवसभर उभ्यानं राबतो, हे सगळं त्यांना बुटाच्या तळावरून कळायचं. चेहरे मात्र लक्षात राहत नसत. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मामा खाली मान घालून त्याच्या पायांशीच बोलत.

त्यांच्या भाचीच्या बुटांनी मात्र चार वर्षं त्यांची मती गुंग केली होती. भाची बेसबॉल खेळायची. संघातली पिचर, म्हणजे समोरच्या खेळाडूला चेंडू टाकणारी. तिचा डावा बूट धडधाकट असायचा आणि उजव्याचं टोक दर महिन्याला फाटून यायचं. मामा त्यावर गुपचूप कातड्याचं ठिगळ लावून देत. फेकायचं हातानं, मग झिजतो तो पाय का, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर अनेकदा आलं होतं. पण आपल्याला काय कळतं, म्हणून ते तसंच राहून जायचं.

पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी नव्या कातड्याऐवजी जुन्या टायरचं जाड रबर बसवलं. काम इतकं सुबक झालं होतं की कधी नव्हे ते स्वतःच म्हणाले, "आता वर्षभर बघायला नको."

त्यानंतर भाचीचा खांदा दुखायला लागला. चेंडू वर जायला लागले. आणि आज सकाळी शेवटची चाचणी होती. आज जमलं नाही तर चेंडू टाकायचं काम संघातल्या दुसऱ्या, डावखुऱ्या पिचरकडे, म्हणजे डावरीकडे जाणार आणि भाची बाहेर, मैदानाच्या कडेला चेंडू अडवायला उभी राहणार.

"तू जा तिच्याबरोबर," ताई, म्हणजे भाचीची आई, मामांना म्हणाली. "मी गेले तर रडेन. तू निदान गप्प तरी बसशील."

मामा जाळीच्या मागे, खांबाच्या आडोशाला बसले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच इथे आले होते.

आधी डावरी आली. ती मातीच्या उंचवट्यावर चढली, डावा पाय तिथं रोवलेल्या पट्टीला टेकवून क्षणभर थांबली. मग उजवा गुडघा छातीपर्यंत उचलला आणि ती पुढे झेपावली. मामांना वाटलं होतं, आता हात येईल. हात आलाच नाही. उजवं पाऊल लांब जाऊन जमिनीत रुतलं, कंबर वळली, आणि खांदे मात्र अजून मागेच, जणू त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग छाती वळली. हात तर आणखी मागे गेला, इतका मागे की मामांनी श्वास रोखला. पुढचा गुडघा ताठ झाला, सगळं अंग त्याच्यावर अडलं, आणि मग कुठे कोपर, मनगट, बोटं एकापाठोपाठ सुटत गेली. चेंडू समोर झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात आपटल्याचा आवाज आला तेव्हा मामा अजून कंबरेपाशीच होते.

ते थक्क झाले. चेंडू हात फेकतो असं ते जन्मभर समजत आले होते. हातानं फक्त शेवटचं टोक सांभाळलं होतं. जोर मातीतून निघाला होता, आणि एकेक सांधा तो पुढच्याकडे सोपवत गेला होता, कोणीही घाई न करता.

ती पुढची फेक करताना त्यांची नजर आपसूक तिच्या मागच्या पायाकडे गेली. कंबर वळताच तो पट्टीवरून निघाला आणि टोकावर घासत मागोमाग ओढला गेला. मातीत एक बाकदार रेघ उमटली. मामा त्या रेघेकडे बघतच राहिले. चार वर्षांचं कोडं तिथं मातीत लिहिलेलं होतं.

मग भाची आली. पहिला चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला. कॅचरला सगळ्या भिंत म्हणत.

"भिंतीला शिडी आणून द्या कोणीतरी," भिंत म्हणाली.

"कोपर बघ," कोचबाई ओरडल्या. "कोपर खाली राहतंय."

दुसराही वरून गेला. भाचीनं खांदा दाबून धरला. मामा कोपराकडे बघतच नव्हते. तिच्या मागे रेघ नव्हती. वीतभर खरड आणि तिच्या टोकाला एक खड्डा. पाय तिथं अडकत होता, कंबर अर्ध्यावर थांबत होती, आणि उरलेलं ओझं एकटा खांदा ओढत होता. ते सुबक रबर माती सोडत नव्हतं.

आपलं चुकत असेल तर? भर मैदानात हसं होईल. आणि आपलं बरोबर असेल तर त्याहून वाईट. भाचीनं तिसऱ्यांदा चेंडू हातात घेतला, तसे ते उठले.

"बाई, जरा थांबता का?"

"तुम्ही कोण?"

"मी बूट. म्हणजे, बूट मी शिवतो तिचा." मामांनी खड्ड्याकडे बोट केलं. "पाय अडकतोय. कोपराचा दोष नाही. माझा आहे."

बाई खड्ड्याशी वाकल्या. मग डावरीच्या रेघेकडे बघितलं. "महिनाभर मी हिच्या कोपराच्या मागे लागलेय," त्या हळूच म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं."

कातडं कापायची रापी खिशातच होती. मामांनी मांडी घालून बूट गुडघ्यात धरला आणि रबर सोलून काढलं. खाली जुनं पातळ कातडं होतं.

"मामा, हे दोन दिवसांत फाटेल," भाची म्हणाली.

"फाटू दे. फाटायलाच असतं ते. मी कशाला बसलोय?"

ती पुन्हा उंचवट्यावर गेली. गुडघा वर, पाऊल पुढे, कंबर आधी, खांदे मागे. पाय सुटला, घासत आला, आणि हात सगळ्यांच्या शेवटी. भिंतीला हातमोजा हलवावाही लागला नाही.

"खांदा?" बाईंनी विचारलं.

"ठणकतोय अजून. पण ओढ नाही बसली."

"मग दोन दिवस चेंडूला हात लावू नकोस. रविवारच्या सामन्यात सुरुवात तूच करायची." बाई मामांकडे वळल्या. "आणि तुम्हीही या हो."

मामांचं लक्ष नव्हतं. ते उंचवट्याशी उकिडवे बसले होते. रेघ अखंड होती, सुरुवातीला खोल, वळणावर बारीक होत गेलेली. तेवढ्यात मैदान सारखं करणारा माणूस दाताळं घेऊन आला.

"काय हरवलंय का, काका?"

"नाही," मामा म्हणाले. "जरा थांबता का? थोडं बघायचं राहिलंय."