पाचव्या नंबरची गुरगुर

मी एक जुना ट्रॉम्बोन आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, म्हातारी वाद्यं नेहमी गोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर आज मला माफ करा.

मँचेस्टरच्या एका कारखान्यात पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून मला घडवलं. यॉर्कशरमधल्या खाणकामगारांच्या बँडने मला घेतलं आणि विल्फ ओल्डरॉइडच्या हाती दिलं. विल्फ दिवसभर जमिनीखाली कोळसा फोडायचा, पण मला उचलण्याआधी नखांतली काजळी ब्रशने काढायचा.

१९६५ साली आमचा बँड स्पर्धेसाठी लंडनला गेला. तिथे एका हेरपटाचं शीर्षकगीत ध्वनिमुद्रित होत होतं. त्यांचा वादक ऐन वेळी आजारी पडला. स्पर्धेच्या परीक्षकांनी विल्फचं नाव सुचवलं.

"गाण्याआधी चार सूर हवेत," संगीतकार म्हणाले. "खालचे. शत्रू दाराशी आलाय, असे."

विल्फने डोळे मिटले. त्याला खाणीचा मॅनेजर आठवला असावा, कारण त्याने असा श्वास फुंकला की मी गुरगुरलो. स्टुडिओच्या काचेपलीकडची माणसं उभीच राहिली.

त्या हिवाळ्यात गाणं देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या नंबरवर चढलं. पोरं रस्त्याने जाताना तोंडाने माझे चार सूर काढायची. रेकॉर्डच्या पाकिटावर गायिकेचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, गायिकेचा झगा शिवणाऱ्याचंसुद्धा होतं. विल्फचं नव्हतं.

क्लबात त्याचा सोबती नॉर्मन म्हणाला, "काय रे विल्फ, ते तू वाजवलंस म्हणे? मग राणीकडे चहाला कधी निघालास?"

सगळे हसले. विल्फही हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याची नऊ वर्षांची हेझल शाळेतून रडत आली. वर्गाच्या बाईंनी तिला सगळ्यांपुढे उभं करून म्हणायला लावलं होतं, "ते माझ्या बाबांनी वाजवलेलं नाही. मी खोटं बोलले."

आता विल्फ हसला नाही. शनिवारी त्याने एका हातात मला घेतलं, दुसऱ्या हाताने हेझलला धरलं आणि थ्यूलिसबाईंच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरला. दुकान गच्च भरलेलं.

"बाई, पाचवा नंबर काढून ठेवा. आधी मी वाजवतो, मग ती रेकॉर्ड लावा."

त्याने वाजवलं. मग बाईंनी सुई ठेवली. तीच गुरगुर, तसूभरही फरक नाही. थ्यूलिसबाईंनी पेन उघडलं.

"हेझल, आडनाव कसं लिहितेस गं? नीट सांग."

हेझल अक्षरं सांगत गेली आणि बाईंनी दुकानातल्या एकूण एक पाकिटावर विल्फचं नाव लिहिलं. आठवड्याने कंपनीचा माणूस आला, "पाकिटं खराब केलीत," म्हणाला आणि उरलेली सगळी उचलून घेऊन गेला. पुढच्या चित्रपटासाठी त्यांनी दुसराच वादक बोलावला. त्याला म्हणे सांगितलं, "तसलीच गुरगुर हवी." तेही गाणं यादीत चढलं.

विल्फ छातीच्या आजाराने गेला. खाण बंद पडली, बँड मोडला, मी लंडनच्या एका संग्रहालयात आलो. माझ्याखाली पाटी आहे: 'गाजलेल्या शीर्षकगीतातला ट्रॉम्बोन'. बस, एवढंच.

मागच्या महिन्यात हेझल आली. केस पांढरे झालेत. तिने काचेवर हात टेकला.

"आजी, हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

"हा माझ्या वडिलांनी वाजवलाय."

"हो, हो. रोज कुणीतरी असं सांगतंच."

मित्रांनो, इथे मला दर सोमवारी मऊ फडक्याने पुसतात आणि त्याला निगा म्हणतात. मला ती चकाकी नको. आधी तिथे विल्फ ओल्डरॉइड असं लिहा. मग फडकं घ्या.