गच्चीवरची बाज

मन्मथने टेप धरून गच्चीची लांबी-रुंदी मोजली आणि खुशीत म्हणाला, "भाऊ, गच्ची तर पूर्ण मोकळी हाय. काईच अडचण न्हाई."

तारामतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोकळी? तिची बाज, गोधडी, पाण्याचा तांब्या समोर असताना ह्या सोलरवाल्याला गच्ची मोकळी दिसत होती! पण त्याला तरी काय बोलायचं, पोटचा पोरगा शिवमच मान हलवत उभा होता.

लातुरातल्या ह्या घराच्या खालच्या खोल्या शिवमने क्लासच्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. पोरं डॉक्टर व्हायला आलेली, त्यांच्या आईबापांना प्रत्येक खोलीत एसी हवा. एसी आले, विजेचं बिल फुगलं, म्हणून आता सोलर. ह्यात तारामतीला काही वावगं वाटत नव्हतं. ऊन फुकटचं, घ्या की खुशाल. पण आईला एका शब्दानं विचारावं, तेवढंही ह्याच्याच्यानं झालं नाही.

भूकंपानंतर ती कधी छताखाली झोपली नव्हती. औसा तालुक्यातल्या गावात त्या पहाटे दगडमातीचं घर बसलं. नवरा आणि थोरली लेक आतच राहिली. अंगावर पिणाऱ्या शिवमला घेऊन ती तेवढी बाहेर निघाली. तेव्हापासून पावसात दारात बसून रात्र काढायची, पण आत पाठ टेकायची नाही.

"आई, तुझा इचार केलाय की," शिवम म्हणाला. "पॅनल उंच लोखंडी खांबांवर बसवू. खाली तुझी बाज. पावसाचंबी टेन्शन न्हाई."

"म्हंजी माझ्या डोक्यावर लोखंड?"

"लई मजबूत असतंय, मावशी," मन्मथ मध्येच बोलला. "वादळातबी हलत न्हाई."

"आमचं घरबी मजबूतच होतं. हातभर जाड भिंती होत्या. त्याच्याखालीच माझी लेक गेली."

मन्मथ टेप गुंडाळू लागला. शिवम मात्र चिडला. "इतकी वर्षं झाली, आई. किती दिवस भिऊन राहणार हाईस?"

हे फार झालं. ज्याला पोटाशी धरून ती ढिगाऱ्यातून सरपटत आली, तोच तिला भित्री ठरवत होता!

"दक्षिणेकडची अर्धी गच्ची घे," ती शिवमशी न बोलता मन्मथला म्हणाली. "माझ्या बाजेवर काही आलं, तर तुझं सामान खाली फेकून देईन."

"अर्ध्यात समदे एसी चालायचे न्हाईत," शिवम म्हणाला. "पोरांच्या खोल्यांचं भागंल. आपल्या खोलीचं न्हाई."

"मग तुझा बंद ठिव."

"अन् उन्हाळ्यात मी कुठं झोपू?"

तारामतीने बाज खर्रकन भिंतीकडे ओढली. शेजारी आणखी एक बाज मावेल एवढी जागा झाली.

"हितं झोप," ती म्हणाली. "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडपुढं उघड्यावरच झोपायचास माझ्या कुशीत. तवा एसी मागितला न्हाईस कधी."