दोन मुली, एकच घर

फुकट बिस्किटं वाटणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे थोरलीनं छावणीत आल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. थोरलीचं तर घरदार गेलं होतं, ती पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती.

त्यात ही चित्रबाई! छावणी शाळेच्या इमारतीत होती आणि ही आठवड्यातून तीनदा तिथं यायची. पगार नाही, भत्ता नाही, रंगसुद्धा पदरच्या पैशानं आणायची आणि बारा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींना मोठ्या वर्गात बसवून चित्रं काढायला लावायची. पूर्वी कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायची म्हणे. बरं, शिकवायची तर शिकव ना बाई! पण नाही. पोरं रंगात बुडाली की ही हळूच शेजारी येऊन बसणार, "तुमच्याकडे स्वयंपाक कोण करायचं गं?" असं सहज विचारणार आणि मग वहीत काहीतरी खरडणार. फुकट कोण कुणासाठी एवढं करतं? हिला वरून कुणीतरी पाठवलंय, असं थोरलीचं ठाम मत झालं होतं.

तिला घाबरायला कारणही तसंच होतं. थोरली आणि धाकटी बहिणी नव्हत्याच.

दोघी शेजारच्या, मधे फक्त एक भिंत. धरण फुटलं त्या सकाळी थोरली गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि तेरा वर्षांची धाकटी नेहमीप्रमाणे तिच्या मागे मागे वर आली होती, म्हणून दोघी वाचल्या. थोरलीचे आईबाबा आणि आजी खाली होते. त्यांना तिनंच नंतर ओळखलं. धाकटीला आईशिवाय कुणी नव्हतं आणि आई त्या सकाळी बाजारात गेली होती. बाजारच उरला नाही, तिथं ती कुठून उरणार, असं थोरली धरून चालली.

नावनोंदणीच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर न करता नियम सांगितला होता. अठराच्या आतली एकटी पोरं वसतिगृहात जाणार, तीही वयाप्रमाणे वेगवेगळ्या गावांना. घरचं मोठं माणूस सोबत असेल तरच इथं एकत्र. रांगेत उभ्या उभ्या थोरलीनं आपल्या सतराची अठरा वर्षं केली, धाकटीला आपलं आडनाव लावलं आणि पुढं होऊन म्हणाली, "आम्ही सख्ख्या बहिणी." खोटं बोलावं पण रेटून बोलावं. कारकुनानं शिक्का मारला.

तेव्हापासून उजळणी सुरू झाली. नळावर ताटं घासताना थोरली मधेच विचारायची, "आजीला कशाचा त्रास होता?"

"गुडघ्यांचा," धाकटी म्हणायची.

"बाबा कामाला कुठं जायचे?"

"छापखान्यात."

"आणि आई?"

"आई वारली. पुरात."

चुकलं की थोरली डोळे वटारायची, पण पोर हुशार होती, आठवड्याभरात पढवलेल्या पोपटासारखी बोलायला लागली. कुणी कितीही गोड बोललं तरी हसायचं नाही, रडायचं नाही, हेही तिला शिकवून झालं. फाटकाजवळच्या फळ्यावर दुसऱ्या छावण्यांतल्या माणसांच्या याद्या लागायच्या, तिकडं जायची मात्र धाकटीला बंदी होती. "गर्दीत कुणी ओळखेल," थोरली म्हणायची. स्वतः जायची, आपल्या आडनावाचं कुणी दिसतंय का तेवढं बघायची आणि परत यायची. बाकीची आडनावं तिनं कधी वाचली नाहीत. का नाही वाचली, हे तिनं स्वतःला विचारलंही नाही.

मग एका सोमवारी चित्रबाईनं फर्मान काढलं. "परवा प्रत्येकानं आपलं घर काढायचं. दार, पायऱ्या, झाड, आठवेल ते सगळं."

थोरलीनं मनात हिशेब केला. दोघी बहिणी आणि घरं दोन! हाच तो सापळा. तिनं दोन दिवस धाकटीकडून पाठ करून घेतलं. हिरवं दार, तीन पायऱ्या, मधली फुटकी, डावीकडं पाण्याची टाकी, टाकीवर उलटी बादली. धाकटीनं ते घर रोजच पाहिलेलं, त्यामुळं फार जड गेलं नाही. एकदाच ती म्हणाली, "आमच्या दाराला ना..." थोरलीनं तिच्याकडं असं काही पाहिलं की ती गप्पच झाली.

चित्रं झाली. बाईनं दोन्ही शेजारी शेजारी धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"भावंडांची पुष्कळ घरं पाहिली मी," ती म्हणाली. "एकाला खिडकी आठवते, तर दुसऱ्याला कुत्रं. तुमच्या चित्रांत मात्र बादलीसुद्धा एकाच बाजूला कललीय."

"घर एक असल्यावर चित्रं दोन तऱ्हेची कशी होतील?" थोरली फणकारली.

"तेही खरंच," म्हणत बाई दोन्ही चित्रं घेऊन गेली. बाकीच्या पोरांचीही घेतली होती तिनं, पण थोरलीला तेवढं कुठलं दिसायला! हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, म्हणून ती स्वतःलाच शिव्या देत बसली.

बाई आठ दिवस फिरकली नाही. आता येईल ती कारकुनाला बरोबर घेऊनच. थोरलीनं दोघींच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं. पळायचं तर खरं, पण पळून जायचं कुठं?

नवव्या दिवशी बाई एकटीच आली. थोरलीला तिनं घोंगड्या ठेवायच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुमची चित्रं मी नदीपलीकडच्या छावणीत टांगते आणि तिथली दुसरीकडे," बाई म्हणाली. "नावं नसतात त्यांवर. याद्यांत कारकून काय वाट्टेल ते लिहितात गं, पण आपलं घर माणूस ओळखतो. चार पोरांची माणसं सापडलीत अशी. आधी सांगत नाही, उगाच आशा लागते जिवाला." तिनं वहीतून घडी घातलेला एक कागद काढला. "तुमच्या चित्रांपुढं एक बाई उभी राहिली. म्हणाली, हे आमच्या शेजाऱ्यांचं घर."

पण थोरली ताकास तूर लागू देईल तर शपथ! "आमचे शेजारी सगळे गेले," ती म्हणाली.

बाईनं कागद उघडून वाचला. "'टाकीवर बसून माझ्या पोरीचे केस कापलेस, म्हणून पुन्हा दारात पाऊल टाकू नकोस असं बोलले होते मी तुला. ते मनात धरू नकोस. तुझ्या घरचं कुणी उरलं नसेल तर माझ्याकडे ये. आणि माझी पोर कुठं दिसली का, एवढं कळव.'"

केसांची गोष्ट धाकटीनं वर्गात पचकली असेल, हिनंच गोड बोलून काढून घेतली असेल! पण पाऊल टाकू नकोस हे वाक्य धाकटीला ठाऊक नव्हतं. ती तेव्हा रडत आत पळाली होती. ते दोघींनाच ठाऊक होतं, बोलणारीला आणि ऐकणारीला.

बाई काहीच विचारत नव्हती. नाही दिसली म्हटलं की झालं, धाकटी आपली ती आपलीच. थोरलीला आधी राग आला. आपलं सगळं गोत गेलं आणि हिची मात्र आई आहे! मग त्या रागाची अशी शरम वाटली की तिला वर बघवेना.

"खरं सांगितलं तर मला कुठं पाठवतील?"

"माहीत नाही," बाई म्हणाली. "मी भांडेन तुझ्यासाठी. पण वचन देत नाही."

सगळं नीट होईल असं न म्हणणारं इतक्या दिवसांत भेटलेलं हे पहिलंच माणूस होतं.

"धाकटी तिची आहे," थोरली म्हणाली आणि घोंगड्यांच्या ढिगावर बसून ओक्साबोक्शी रडली.

डोळे पुसून ती बाहेर आली तेव्हा धाकटी नळावर ताटं विसळत होती. थोरली तिच्या शेजारी उकिडवी बसली. तिनं विचारलं. "तुझी आई कुठंय गं?"

धाकटीनं पाठ ताठ केली. "आई वारली. पुरात."

"चूक," थोरली म्हणाली. "नदीपलीकडं आहे. तुझी वाट बघतेय."

धाकटीनं हळूच इकडंतिकडं पाहिलं. वर्गाच्या दारात चित्रबाई उभी होती. धाकटीचा चेहरा दगडासारखा झाला. "माझी आई वारली," ती मोठ्यानं म्हणाली.

थोरलीनं पुन्हा सांगितलं, गळ्याशपथ सांगितलं, तिचे ओले हात हातात घेऊन सांगितलं. तिसऱ्या वेळेला धाकटीचे ओठ थरथरायला लागले होते. पण शिकवलेलं उत्तर तिनं एकदाही चुकवलं नाही.