लाल यादीतली नावं

ऑस्टिनहून आलेल्या पोरीने भिंतीवर आलेख टांगला तेव्हाच एलोदिया कांतूच्या डोक्यात तिडीक गेली. आलेखात एकच निळी रेघ होती आणि ती उजवीकडे वर वर चढत गेली होती. मारिसेला तिचं नाव. डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे निळ्यांच्या, राज्य कार्यालयातून आलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, आडनाव इथलंच, पण स्पॅनिश बोलताना दर वाक्याला ठेचकाळायची. टेक्ससमध्ये दर वर्षी आपली, मेक्सिकन वंशाची, किती हजार मुलं अठरा वर्षांची होतात आणि तिकडची गोरी म्हातारी मंडळी किती वेगाने कमी होतायत, हे ती बोटाने दाखवत होती. रेघ अशीच चढत राहिली की राज्य निळ्यांचं, म्हणजे आपलंच.

"म्हणजे आपण पोरं काढायची आणि त्यांचे म्हातारे मरायची वाट बघायची. एवढंच काम," एलोदिया म्हणाली.

मागच्या खुर्च्यांवरच्या बायका खिदळल्या. मारिसेला लाल झाली, पण वडीलधाऱ्या बाईला लावायचं 'दोन्या' ती विसरली नाही.

"तसं नाही, दोन्या एलोदिया. पण तुमच्या वस्तीत शंभरातले सत्त्याण्णव आपले लोक आहेत. ती मतं जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"घरी झोपायला. मत काही आईच्या पोटातून निळं होऊन येत नाही, बाई. ते गाडीत घालून आणावं लागतं."

आणि गाडी एलोदियाची होती. पांढरी, चौदा माणसांची, एका बाजूने पोचे आलेली. बत्तीस वर्षं ती या गाडीतून पाल्मा सोला वस्तीतली मतं आणत होती. मेक्सिकोच्या सीमेवरच्या त्या नदीकाठी अशा बाईला 'पोलितिकेरा' म्हणतात, आणि म्हणताना काही जण नाक मुरडतात. एलोदियाला त्याचं काही नव्हतं. तिच्या वहीत दोनशे चौदा नावं होती. कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाचा नागरिकत्वाचा अर्ज भरायचा, कोणाच्या विधवेला पेन्शन सुरू करून द्यायची, सगळं ती करायची. मतदान आलं की सगळे गाडीत बसायचे. कोणाला मत द्यायचं, हे कोणी कोणाला विचारत नसे. या वस्तीत माणूस जन्मतःच निळा असायचा, जसा तो जन्मतः कॅथलिक असायचा, आणि आता दोन्हीकडे गळती लागली होती हे कबूल करायला एलोदिया तयार नव्हती.

यंदा मात्र गळती कागदावर दिसायला लागली. मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीत दोन्ही पक्ष आपापले उमेदवार एकाच दिवशी, एकाच जागी निवडतात. मतदाराने टेबलापुढे उभं राहून तोंडाने सांगायचं, मला निळ्यांची मतपत्रिका द्या किंवा लालांची, म्हणजे रिपब्लिकनांची. आत जाऊन कोणाच्या नावापुढे खूण केली ते गुप्त. कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली ते मात्र गुप्त नाही. मुदतपूर्व मतदानाच्या दोन आठवड्यांत रोज सकाळी कौंटीची यादी निघते, नावासकट, पत्त्यासकट. आजवर ती यादी उघडायची एलोदियाला गरजच पडली नव्हती. वस्तीतून लालांकडे जाऊन जाऊन जाणार किती, दहा-अकरा डोकी. यंदा पहिल्याच सकाळी एकोणीस निघाली. तिसऱ्या सकाळी तिने चष्मा पुसून पुन्हा मोजलं. एकावन्न.

मारिसेलाने गोड आवाजात सांगून टाकलं होतं. वस्तीचा निळा आकडा मागच्या वेळेपेक्षा खाली गेला, तर नोव्हेंबरात इथे दारोदार फिरायचं काम ठेवता येणार नाही, माणसं मोठ्या शहरांत लागतील. त्याचा अर्थ एलोदियाला बरोबर कळला. बत्तीस वर्षांनी गाशा गुंडाळा आणि घरी बसून टॉर्टिया भाजा.

त्याच दिवशी तिने वस्तीच्या फोनवरच्या गटात लाल यादीतली एकूण एक नावं टाकली. खाली लिहिलं, "ज्याचं नाव या यादीत, त्याच्या दाराशी माझी गाडी थांबणार नाही. कुठेच जायला नाही."

नोएलियाचं नाव दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आलं. नोएलिया समोरच्याच घरात राहायची. तिच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एलोदियाने धर्ममाता म्हणून हातावर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या, आणि सख्ख्या बहिणीला म्हणणार नाहीत इतक्या जिव्हाळ्याने म्हणायच्या. एलोदिया रस्ता ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरली. नोएलिया पीठ मळत होती.

"कोमाद्रे, तुझं नाव लाल यादीत आहे."

"माहीत आहे. मीच घालून आले."

"फिलेमोनचंही आहे."

"नवरा आहे माझा. माझ्यासोबत गेला, माझ्यासोबत आला."

"टीव्हीवर ती माणसं आपल्याबद्दल काय काय ओकतात, ऐकतेस ना?"

"ऐकते. ते काल नदी ओलांडून आलेल्यांबद्दल बोलतात. मी चाळीस वर्षं इथे आहे."

"तूही त्याच नदीतून आलीस," एलोदिया म्हणाली. "चपला हातात धरून. आणि तुला कोरड्या चपला माझ्या आईने घातल्या."

नोएलियाचे हात पिठात थांबले.

"घातल्या. म्हणून जन्मभर तिच्या लेकीच्या मर्जीने मत देऊ? माझा धाकटा सीमेवर गस्तीला आहे. हे छप्पर त्याच्या पगारावर उभं आहे. तुझे लोक त्याला राक्षस म्हणतात. आणि 'नोएलिया, तुझ्या मनात काय आहे गं?' असं कधी विचारलंस तू मला? दारात हॉर्न वाजवलास, मी बसले. मी काय टोमॅटोची पेटी आहे?"

"बरं झालं बोललीस. आता दुसऱ्या कोणाच्या गाडीत बस. उद्यापासून माझी येणार नाही."

"फिलेमोनचं डायलिसिस आहे उद्या."

"मग तुझ्या लालांना सांग."

एलोदिया तरातरा बाहेर पडली. आपण बोललो ते फार झालं, असं तिला रस्त्याच्या मध्यावर वाटलं, आणि घराच्या पायरीवर पोचेपर्यंत ते वाटणं तिने मोडून काढलं. एकाला सूट दिली की उद्या पन्नास जण हात पसरतील. राजकारणात असंच असतं, हे ती स्वतःला सांगत राहिली.

गुरुवारी गाडी गेली नाही. नोएलिया शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सून फिलेमोनला नेणार होती, पण तिचं पोर आजारी पडलं, आणि फिलेमोनने बायकोला फोन करायच्या भरीला न पडता नेहमीसारखी टोपी घातली, मांडीवर पिशवी घेतली आणि अंगणातल्या खुर्चीवर बसून राहिला. एलोदियाची गाडी येणार नाही यावर त्याचा विश्वासच नव्हता. अकरा वर्षं ती त्याला आठवड्यातून तीनदा नेत होती. वारा सुटला होता, धूळ उडत होती. तो दोन तास तसाच बसला. मधून मधून रस्त्याकडे बघायचा. शेवटी नोएलियाच्या चर्चमधला कोणीतरी त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेला.

एलोदियाने हे पडद्याआडून पाहिलं. तिच्या आईने ओसरीवरून पाहिलं. हेरलिंदा सालिनास, चौऱ्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी अधू पण नजरेने तीक्ष्ण.  तिने दुपारी ताटाला हात लावला नाही. भूक नसेल, असं एलोदियाने ठरवून टाकलं.

शुक्रवार मुदतपूर्व मतदानाचा शेवटचा दिवस. एलोदियाने सकाळपासून पाच फेऱ्या मारल्या. आकडा अगदी काठावर होता, आणि मारिसेला दर तासाला फोन करून तिचं डोकं खात होती. शेवटच्या फेरीत एलोदिया नेहमी आईला न्यायची. ज्या काळात मत द्यायचं तर आधी कर भरून पावती घ्यावी लागायची, त्या काळात हेरलिंदाने शेतात टोमॅटो तोडून ती पावती घेतली होती. हे एलोदिया दर निवडणुकीला गाडीतल्या सगळ्यांना ऐकवायची. या वेळीही ऐकवलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

टेबलावरचा कारकून एलोदियाला ओळखत होता. त्याने हेरलिंदाचं ओळखपत्र घेतलं, नाव शोधलं आणि न विचारताच निळ्या बाजूला हात नेला. मग नियम आठवला म्हणून हसत विचारलं, "आजी, कोणता पक्ष?"

"लाल," हेरलिंदा म्हणाली.

"आईला ऐकू कमी येतं," एलोदिया म्हणाली.

"मला सगळं ऐकू येतं. लाल म्हटलं मी. रिपब्लिकन. अजून कसं सांगू?"

रांगेतल्या माना वळल्या. कारकुनाने एलोदियाकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि म्हातारीला लाल मतपत्रिका दिली.  आई काठी टेकत आत गेली, चार मिनिटांत बाहेर आली आणि कोणाकडे न बघता दाराकडे चालू लागली.

एलोदियाने तिला गाडीपाशी गाठलं. गाडीत चार बायका बसल्या होत्या आणि खिडक्या उघड्या होत्या, पण तिला आता कशाचं भान नव्हतं.

"माझं नाक कापलंस तू. भर लोकांत. कोणी भरवलं तुला? नोएलियाने?"

"नोएलिया माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. तुझ्यामुळे."

"मग? तुला ती माणसं आवडायला लागली?"

"त्यांचा तो पुढारी टीव्हीवर दिसला की मी टीव्ही बंद करते. आतमध्ये मी कोणापुढेच खूण केली नाही. कोरी टाकून आले."

"मग का गेलीस त्यांच्याकडे? कशासाठी?"

"तुझ्या यादीत नाव घालायला दुसरा रस्ता नव्हता," हेरलिंदा म्हणाली. "उद्या सकाळी वाच. मोठ्याने वाच, त्या फोनवर सगळ्यांना पाठव. तुझा नियम आहे ना? लाव मला. फिलेमोन दोन तास टोपी घालून बसला होता आणि तू पडद्याआड उभी होतीस. लाज मला वाटली. तुला वाटायला हवी होती, पण मला वाटली."

"आई, गाडीत बस. घरी बोलू."

"यादीतली माणसं तुझ्या गाडीत बसत नाहीत."

ती बसली नाही. बसथांब्याच्या बाकावर जाऊन टेकली आणि तिने काठी दोन्ही हातांत धरली. गाडीतल्या चौघींना पोचवून एलोदिया परत आली तेव्हा बाक रिकामा होता. घरी पोचली तर आई आधीच ओसरीवर होती. नोएलियाच्या धाकट्याने, त्या गस्तवाल्यानेच, तिला आपल्या ट्रकमधून आणून सोडलं होतं. रात्री दोघी एकाच टेबलावर घेवड्याचं सूप प्यायल्या आणि आपापली वाटी धुऊन झोपायला गेल्या.

शनिवारी सकाळी मारिसेलाचा फोन आला. पोरगी आनंदाने नुसती चिवचिवत होती.

"दोन्या, आकडा पार झाला. नऊने जास्त. तुम्ही कमाल केलीत. नोव्हेंबरचं काम तुमच्याकडेच, मी आत्ताच वर कळवलं."

"बरं."

"एकच गोष्ट. लाल यादीत एक नाव तुमच्याच पत्त्यावर दिसतंय. हेरलिंदा सालिनास. नोंदीची चूक असणार, आमच्या तक्त्यात त्या पक्क्या आपल्या आहेत. तक्रार करू का?"

"चूक नाही," एलोदिया म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गटात लोक यादीची वाट बघत होते, कोणीतरी विचारलंही. एलोदिया फोन हातात धरून बसली. मग काहीही न पाठवता तिने किल्ल्या उचलल्या. साडेनऊ वाजत होते. फिलेमोनची डायलिसिसची वेळ दहाची. तिने गाडी काढली, रस्ता ओलांडून नोएलियाच्या फाटकाजवळ लावली आणि मधलं दार सरकवून उघडलं.

फाटकाच्या आत चर्चची एक लहानशी गाडी आधीच उभी होती. मागच्या सीटवर फिलेमोन टोपी घालून बसला होता. त्याच्या शेजारी, त्याची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन, तिची आई बसली होती. आई कधी उठून इकडे आली, हे एलोदियाला कळलंही नव्हतं. नोएलिया दारात हात पुसत उभी होती. ती ना पुढे आली, ना आत गेली.

"फिलेमोन," एलोदिया खिडकीशी जाऊन म्हणाली, "चल, मी नेते. आईलाही घेते. यादीचं सोड आता."

आईने तिच्याकडे पाहिलंच नाही. फिलेमोनने पाहिलं. तो मुळात मवाळ माणूस, कोणाला कधी वाकडं बोललेला नव्हता, आणि आताही त्याच्या आवाजात राग नव्हता. तो राग शोधत एलोदिया त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नको, कोमाद्रे," तो म्हणाला. "नोव्हेंबरातही मी तिकडेच मत देणार आहे. मग पुन्हा तुझी पंचाईत होईल. आपण आत्ताच सवय करून घेऊ."

त्याने काच वर केली, आणि गाडी एलोदियाच्या गाडीला वळसा घालून रस्त्याला लागली.